तुळईवरचं नाव

प्रार्थनेच्या वेळी सगळे डोळे मिटून घेत आणि मी छताकडे बघत बसे. भक्ती कमी होती म्हणून नव्हे, जालन्यातल्या आमच्या चर्चचा मी खजिनदार होतो म्हणून. कुठलं कौल सरकलंय, कुठून उजेडाची तिरीप आत येतेय, भिंतीवरचा ओलीचा डाग गेल्या रविवारपेक्षा वाढला की तेवढाच आहे, हे बघायला ती शांत वेळ बरी पडायची. पाळकसाहेब ‘आमेन’ म्हणेपर्यंत माझ्या डोक्यात पुढच्या महिन्याच्या खर्चाची जुळवाजुळव झालेली असे.

हे काम माझ्या गळ्यात पडलं ते नोकरीमुळे. मोंढ्यात एका अडत दुकानावर मी दिवाणजी होतो. दिवसभर शेटजीचा हिशेब सांभाळणारा माणूस देवाचाही सांभाळील, असं आमच्या पंचमंडळानं परस्पर ठरवलं आणि मला विचारायच्या आधी टाळ्याही वाजवल्या. चर्च साहेब लोकांनी बांधलेलं. जाड दगडी भिंती, उंच खिडक्या, सागवानी छत आणि वर मंगलोरी कौलं. त्यांच्या काळात काही मोडलं की विलायतेहून पैसा यायचा. सत्तरच्या सुमारास शेवटचे साहेब आणि मडम निघून गेले, किल्ल्यांचा जुडगा आमच्या हातात आला आणि एवढी मोठी इमारत पोसायला किती लागतं ते आम्हाला तेव्हा कळलं.

आमची मिळकत म्हणजे रविवारच्या थैलीत पडेल ते आणि कापणीच्या सणाचा लिलाव. मंडळीतले निम्मेअधिक लोक मजुरीवर जगणारे, बाकी काही मास्तर, काही शिपाई, दवाखान्यातल्या नर्सा. सणाला आष्टी-परतूरकडच्या खेड्यांतून आमचे लोक ज्वारी, भोपळे, अंडी, कोंबड्या घेऊन येत. उपासना झाली की आवारातल्या चिंचेखाली लिलाव. एखादा भोपळा कुणी घेई, पैसे भरी आणि ‘देवाला परत’ म्हणून पुन्हा टेबलावर ठेवी. मग तोच भोपळा पुन्हा बोलीला. असा फिरत फिरत तो शेवटी बहुधा माझ्याच घरी यायचा, कारण खजिनदारानंच हात आखडता घेतला तर बरं दिसत नाही. बायको म्हणायची, एवढ्या पैशात मोंढ्यातून गाडीभर भोपळे आले असते. तिचं खरं होतं. पण त्या भोपळ्यावर आमची निम्मी कौलं निघायची, आणि आमच्या छतावर उड्या मारणारी वानरं ती पुढच्या हंगामापर्यंत फोडून ठेवायची.

चर्चच्या आतल्या भिंतींवर संगमरवरी पाट्या होत्या. अमुक साहेबांनी इथं इतकी वर्षं सेवा केली, अमुक मडम पटकीत गेल्या. एका साहेबांचं तान्हं बाळ इथल्या उन्हाळ्यात गेलं, त्याचीही पाटी होती. नाताळच्या आधी आम्ही त्या साबणाच्या पाण्यानं धुवायचो. आमच्यातल्या एकाचंही नाव त्या भिंतींवर नव्हतं. ज्यांनी तिथले दगड वाहिले त्यांचंही नव्हतं. मला ते कधी खटकलं नव्हतं, कारण भिंतीकडे बघताना मी पाटीखालची ओल तेवढी बघायचो.

ते मला पहिल्यांदा दाखवलं मावशींनी. सगळी मंडळी त्यांना मावशीच म्हणायची. मिशनच्या दवाखान्यात बाळंतपणाच्या खोलीवर त्या आया होत्या आणि आमच्यातली कितीतरी पोरं त्यांच्या हातावर जगात आलेली होती. नवरा लवकर गेला. त्यानंतर काही वर्षं मातीकाम केलं, मग दवाखान्यात लागल्या आणि तिथूनच म्हाताऱ्या होऊन बाहेर पडल्या. स्वतःला अक्षर येत नव्हतं, पण एकुलता एक मुलगा त्यांनी मॅट्रिकपर्यंत शिकवला. मास्तर व्हायचं होतं त्याला. मध्येच बहात्तरचा दुष्काळ आला, घरात दाणा उरला नाही, आणि तो इतरांबरोबर रस्त्याच्या कामावर मुरूम खणायला जाऊ लागला. एक दिवस खाणीची कड ढासळली. त्याला बाहेर काढलं तेव्हा त्याच्यात काही उरलं नव्हतं.

त्याला आमच्या स्मशानभूमीत पुरलं. वर लाकडी क्रूस लावला होता, तो दुसऱ्या पावसाळ्यापर्यंत वाळवीनं संपवला. मातीचा उंचवटाही हळूहळू बसत गेला. त्यानंतर एका रविवारी उपासना संपल्यावर मावशी माझ्याकडे आल्या आणि फडक्यात बांधलेले पैसे त्यांनी टेबलावर ठेवले. दवाखान्यातून सुटताना त्यांना मिळालेली रक्कम होती ती, जवळजवळ सगळी. त्यांना भिंतीवर मुलाच्या नावाची पाटी हवी होती, साहेबांच्या पाट्या होत्या तशी.

मी ही गोष्ट पंचमंडळापुढे ठेवली. आमचे अध्यक्ष निवृत्त हेडमास्तर होते. चांगले गृहस्थ, पण जन्मभर वर्गापुढे उभं राहिल्यानं आपलं कुणी खोडून काढेल हे त्यांच्या ध्यानीमनीही नसायचं. ते म्हणाले, ती भिंत सेवा केलेल्यांची आहे, आणि आज एकाला जागा दिली तर उद्या सगळे मागतील. माझं डोकं तापलं. साहेबांच्या तान्ह्या बाळानं कोणती सेवा केली होती, असं मी विचारलं. ‘पुढे बघू’ असं ठरलं, आणि आमच्या पंचमंडळात ‘पुढे बघू’ म्हणजे काय हे सगळ्यांना ठाऊक होतं. मावशींचे पैसे मी त्याच फडक्यात, वेगळे, लोखंडी पेटीत ठेवून दिले.

ईस्टर झाल्यावर एका रविवारी प्रभुभोजनाच्या मेजावरच्या पांढऱ्या कापडावर पिवळसर भुकटी पडलेली दिसली. मी वर पाहिलं. मेजाच्या बरोबर वरून चर्चची मोठी तुळई गेलेली होती, एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत, आणि छताचा मधला सगळा भार तिच्यावर होता. दुसऱ्या दिवशी मस्तगडातल्या एका सुतारमिस्त्रीला शिडीवर चढवलं. त्यानं तुळईत पटाशी टेकवली आणि ती मुठीपर्यंत आत गेली. खाली उतरून तो एवढंच म्हणाला, की पाऊस यायच्या आत ही काढा, न्हाई तर तीच तुम्हाला काढील.

त्या दिवसापासून उपासना चिंचेखाली होऊ लागली. छत बसलं तर ते पुन्हा उभारायची ताकद आमच्यात नव्हती हे मला पक्कं माहीत होतं. खास वर्गणी काढली, नर्सांनी पगारातून दिलं, खेड्यांतल्या बायांनी स्वयंपाकाआधी मूठ मूठ बाजूला टाकलेलं धान्य गाडग्यांतून आणून दिलं. तरी सागवानाची किंमत गाठेना. तेव्हा अध्यक्ष म्हणाले, मावशींचे पैसे पडूनच आहेत ना? मी म्हणालो, ते पाटीसाठी दिलेले आहेत. ज्या कामाला दिले ते सोडून दुसऱ्या कामाला, देणाऱ्याच्या शब्दाखेरीज, मी एक पैसा हलवणार नाही. ते म्हणाले, मग शब्द घेऊन या.

इतकं नको वाटणारं काम मी त्या पदावर दुसरं केलं नाही. मावशी दवाखान्याच्या मागच्या चाळीत राहायच्या. मी गेलो तेव्हा त्या दारात ज्वारी निवडत बसल्या होत्या. मी पैशांबद्दल आलोय म्हणताच त्यांनी सूप खाली ठेवलं.

“पाटी न्हाई लावणार ना?” त्यांनी विचारलं.

मी भिंतीबद्दल काही बोललो नाही, लाजच वाटली. तुळईचं सगळं सांगितलं. नवं लाकूड कुठं बसणार, किती रुंद असणार, किती वर्षं टिकणार, हे त्यांनी विचारून घेतलं. चांगलं जुनं सागवान असेल तर आपल्या नातवंडांच्या पुढं टिकेल, असं मी म्हणालो. नातवंडं हा शब्द तोंडातून गेल्यावर मला जीभ चावावीशी वाटली.

“मंग त्या लाकडावर घाला त्याचं नाव,” त्या म्हणाल्या. “दगड काय अन् लाकूड काय. पण भाऊ, दिसलं पाहिजे. खाली बसलेल्या माणसाला मान वर केली की दिसलं पाहिजे.”

मी शब्द दिला. पंचमंडळानंही लगेच होकार दिला, कारण तुळई उंच होती आणि साहेबांच्या रांगेत नव्हती. ते मला कळत होतं, पण पावसाळा तोंडावर आला होता आणि भांडायला सवड नव्हती.

लाकूड आलं. तुळईची जी बाजू खाली येणार होती तिच्यावर मी खडूनं अक्षरं काढून दिली. मुलाचं नाव, वडिलांचं नाव, जन्माचं आणि मृत्यूचं वर्ष, आणि खाली आमच्या कबरींवर असतं तसं, ‘प्रभूमध्ये निद्रिस्त’. मिस्त्रीला वाचता येत नव्हतं, पण त्यानं खडूच्या रेघेवरून अक्षरं अशी कोरली की छापखान्यात तशी निघाली नसती.

तुळई चढवायच्या दिवशी मोंढ्यात गव्हाच्या गाड्यांची रांग लागलेली, शेटजींनी मला संध्याकाळपर्यंत हलू दिलं नाही. मी पोचलो तेव्हा काम झालेलं होतं. मिस्त्रीला तुळईपुढं नारळ फोडायचा होता, पाळकसाहेबांनी त्याऐवजी प्रार्थना केली, आणि शेवटी नारळ न फोडताच खोबऱ्यासाठी मजुरांना दिला गेला, असं मला दारातच कळलं. मी हसत आत गेलो आणि वर पाहिलं. तुळई गुळगुळीत होती. नाव नव्हतं.

मिस्त्री परांचीवर बसून दोर सोडत होता. मी विचारलं, तर तो म्हणाला, नाव हाय की, वरच्या अंगाला हाय. मला वाटलं चुकून झालं. चुकून झालं नव्हतं.

“दिवाणजी, दुपारी तुमच्या पाळकसाहेबांनी वाचून दावलं मला. मी समजलो व्हतो, देणगी देणाऱ्याचं नाव असंल. हे तर गेलेल्या पोराचं. गेलेल्या माणसाचं नाव आढ्याला खाली तोंड करून न्हाई लावत. खालच्या जित्या माणसांवर सावली पडती. तुमचीच लेकरंबाळं बसणार हायेत खाली. मी तुमच्या भल्याचंच करून राह्यलो.”

मी त्याला नाही नाही ते बोललो. त्यानं ऐकून घेतलं. मजुरी देऊ नका म्हणाला, पण हे काम मला सांगू नका. तुळई फिरवणं आता शक्य नव्हतं. तिच्यावर उभे खांब बसले होते, पट्ट्या ठोकल्या होत्या, अर्धं छत पुन्हा उतरवावं लागलं असतं. परांचीवरून खालच्या बाजूला नव्यानं कोरता आलं असतं, पण एका मिस्त्रीच्या कामाला दुसरा मिस्त्री हात लावत नाही, जालन्यात तरी तेव्हा लावत नसे. मी बाहेर येऊन चिंचेखाली बसलो. राग ओसरल्यावर मला दिसायला लागलं, की तो काही वाईट करत नव्हता. आम्ही गेलेल्यांना मानानं भिंतीवर लावतो, तो त्यांना मानानं नजरेआड ठेवतो. पण माझा शब्द गेला होता, आणि ते मावशींना सांगायचं होतं.

एकट्यानं जायचा धीर होईना, म्हणून पाळकसाहेबांना बरोबर घेतलं. ते मऊ मनाचे होते. त्यांनी सगळं समजावून सांगितलं आणि शेवटी म्हणाले, “मावशी, नाव देवाच्या बाजूला आहे. माणसांनी नाही वाचलं तरी तो रोज वाचतो.”



“देवाला ठाऊक हाय त्याचं नाव, पाळकसाहेब,” मावशी म्हणाल्या. “त्यानंच नेलंय त्याला. मला माणसांला दावायचंय.”

पाळकसाहेबांनी मान खाली घातली. मावशींनी चपला पायात घातल्या आणि आमची वाट न बघता चर्चकडे चालू लागल्या.

मिस्त्री हत्यारं पोत्यात भरत होता. बाई पोराची आई आहे हे त्याला सांगावं लागलं नाही. तो उभा राहिला आणि जे मला सांगितलं तेच त्यानं त्यांनाही सांगितलं, पण हळू आवाजात आणि खाली बघून. मावशी त्याच्याशी वाद घालायला आल्या असतील असं मला वाटलं होतं. त्यांनी वाद घातला नाही. मेजाच्या बाजूला, तुळईच्या बरोबर खाली एक बाक होतं, त्यावर त्या बसल्या.

“मिस्त्री, हा लहान व्हता तव्हा मी मातीकामाला जायची. घरी ठिवायला कोण न्हाई. मंग पाटीत चिंधुक टाकून त्याला निजवायची अन् पाटी डोक्यावर. जायचं बी तसं अन् यायचं बी तसंच. उन्हाची साऱ्या वाटेनं माझ्यावर त्याचीच सावली असायची. काही बाधलं न्हाई मला.” त्यांनी बाकावर हात ठेवला. “आता बी मीच बसते खाली. ज्याला भ्या वाटंल त्यानं सरकून बसावं.”

मिस्त्रीच्या हातात पोत्याचं तोंड तसंच राहिलं. त्यानं एकदा वर तुळईकडे पाहिलं, एकदा बाकाकडे.

“हितंच बसणार का, माय? ह्याच बाकावर?”

“हितंच.”

त्यानं पोतं पुन्हा जमिनीवर ठेवलं. “दिवाणजी,” तो मला म्हणाला, “सकाळी खडू घेऊन या.”

सकाळी मी शेटजींना निरोप पाठवला आणि आयुष्यात पहिल्यांदा परांचीवर चढलो. डोक्यावरच्या लाकडावर अक्षरं काढणं सोपं नसतं. हात भरून येतो, खडूची भुकटी डोळ्यांत पडते. माझी अक्षरं पहिल्या खेपेइतकी सरळ आली नाहीत, तीच अजून तिथं आहेत. मिस्त्री परांचीच्या फळ्यांवर उताणा पडला आणि कोरू लागला. मावशी खाली बाकावर येऊन बसल्या होत्या. लाकडाच्या बारीक ढलप्या त्यांच्या अंगावर पडत होत्या आणि त्या झटकत नव्हत्या. दुपारी त्यांनी त्याच्यासाठी भाकरी आणली. आमच्या लोकांच्या घरची भाकरी तो खाईल की नाही याची मला धास्ती होती, पण त्यानं खाली उतरून हात धुतले आणि खाल्ली.

पुढच्या रविवारी आम्ही पुन्हा आत बसलो. लोक येत होते आणि बाकावर बसायच्या आधी मान वर करून उभे राहत होते. ज्यांना वाचता येत होतं ते ओठांतल्या ओठांत वाचत. ज्यांना येत नव्हतं ते शेजारच्याला विचारत आणि नाव ऐकून पुढच्याला सांगत. अध्यक्षांनी चष्मा पुसून वाचलं. तो मुलगा त्यांच्याच शाळेत शिकला होता. त्यांच्या हातातलं गीतांचं पुस्तक किती तरी वेळ उलटं होतं.

मावशींच्या बाकावर कुणी बसलं नव्हतं. भीतीनं की मानानं, मला माहीत नाही. मग माझी बायको उठली आणि त्यांच्या शेजारी जाऊन बसली, आणि तिच्यामागून दोन नर्सा गेल्या. बाक भरलं.

पाळकसाहेबांनी प्रार्थना सुरू केली. मी सवयीनं छताकडे पाहिलं, आणि मग सहज खाली, तर सगळ्यांचे डोळे उघडे होते, सगळ्यांच्या माना वर होत्या. फक्त मावशींनी डोळे मिटले होते. आमच्या बाया उपासनेत डोक्यावरचा पदर ढळू देत नाहीत. मावशींचा ढळून खांद्यावर आला होता आणि तो त्यांनी सावरला नव्हता. दोन्ही हात मांडीवर होते आणि मान ताठ होती, डोक्यावर भरलेली पाटी घेऊन चालणाऱ्या बाईची असते तशी.